नळदुर्गकडची मिल्ट्री बीएसए: युद्धातला नंबर टाकीवर सापडला!

नळदुर्गच्या अलीकडं एका वाड्यात दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम20, म्हणजे ब्रिटिश आर्मीची मोटरसायकल, आहे असं कळल्यावर कसला दम निघतोय, मित्राला उठवलं आणि पहाटेच संभाजीनगर सोडलं. बीड, धाराशिव, तुळजापूर असा धुळे-सोलापूर हायवे मस्त आहे, पुढं नळदुर्ग तासाभरात येतं.

गाडी कडब्याच्या पेंढ्यांमागं उभी होती. वाड्याचे मालक आजोबा म्हणाले, "वडलांनी डिस्पोजलमधी घेतली, पोलीस अ‍ॅक्शननंतर. बगा काय बगायचं ते." डिस्पोजल म्हणजे फौजेच्या जुन्या मालाची विक्री. 496 सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन, पुढच्या चाकाला जुन्या धाटणीचा स्प्रिंगवाला गर्डर फोर्क. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बीएसए फॅक्टरीत अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या, 1940 च्या नोव्हेंबरात त्या फॅक्टरीवर जर्मन बॉम्ब पडून 53 कामगार गेले तरी पुढं गाड्या बनत राहिल्या, आणि त्यातली एक इथं बोरी नदीकाठी!

इंजिन नंबर डावीकडं सिलिंडरच्या खाली, रॉकेलच्या चिंधीनं चिखल-ग्रीस पुसलं की डब्ल्यूएम20 पासून सुरू होणारे आकडे दिसले. चेसी नंबर हँडलखाली हेडस्टॉकजवळ. दोन्ही जुळले नाहीत तर गाडी नकली समजू नका, आर्मी वर्कशॉपात इंजिनं सर्रास बदलायचे.

खरा खजिना टाकीवर असतो. युद्धात ब्रिटिश आर्मी आपल्या मोटरसायकलींना C आणि पुढं आकडे असा नंबर रंगवायची. आजोबांना विचारून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासलं, आधी काळा रंग गेला, मग लाल, मग खाकी, आणि खाकीवर पांढऱ्या C ची कड उमटली तेव्हा आजोबा पण खाली बसून बघायला लागले. म्हणून हात जोडून सांगतो, अशी गाडी मिळाली तर पेंटरकडं द्यायच्या आधी टाकी तपासा, एकदा खरवडली की तिची ओळख गेली कायमची.

इंजिन आणि चेसी, दोन्ही नंबरांचे क्लोजअप फोटो काढा. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडं बीएसएची जुनी रजिस्टरं आहेत, फी भरून माहिती मागवता येते.

येताना नळदुर्गचा किल्ला बघाच. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस अ‍ॅक्शनमध्ये भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली तेव्हा पहिली झुंज इथंच झाली, बोरीवरचा पूल 7व्या ब्रिगेडनं ताब्यात घेतला, मग शीखांच्या बटालियननं नळदुर्गवर हल्ला केला. ही गाडी त्या फौजेत होती असं गावात सांगतात, पण कागद हातात आल्याशिवाय मी तसं लिहिणार नाही.

पावसाळ्यात गेलात तर किल्ल्यातल्या पाणीमहालाचे नर-मादी धबधबे मिळतील, पण गाडी बघायची तर हिवाळाच बरा, उन्हाळ्यात पत्र्याखाली टिकाव लागत नाही. टॉर्च, चिंध्या, पॉलिश पेपर सोबत ठेवा, आणि विकत मागायला आलोय असं वाटू देऊ नका, मग लोक मनापासून दाखवतात.