नोड उरला, मेश गेली

सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, आमची मेश (नोड नावाच्या बिंदूंचे जाळे) हाताळणारी जुनी लायब्ररी पायथनमधून वापरता यावी, म्हणून मी पायबाइंड 11 या दोन्ही भाषा जोडणाऱ्या साधनाच्या साहाय्याने तिचा रॅपर, म्हणजे वरचे आवरण, लिहिला होता. विश्लेषण विभाग तो काही आठवडे निर्धास्तपणे वापरत होता. मग एका सोमवारी तिथले एक ज्येष्ठ सहकारी लॅपटॉप घेऊनच माझ्या जागेवर आले. ज्युपिटर नोटबुकमध्ये सुरळीत चालणाऱ्या ओळी त्यांनी स्क्रिप्ट करताना एका फंक्शनमध्ये ठेवल्या होत्या आणि आता टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत नको तिथे हात घातल्याची तक्रार) एवढेच शब्द उमटून सारे बंद पडत होते. “फाइल खराब असेल,” असे मी न पाहताच सांगून टाकले. “अहो, फाइल तीच आहे,” ते शांतपणे म्हणाले.

कोसळण्याची जागा दाखवणारा फॉल्टहँडलर चालू केल्यावर पायथनमधली ओळ सापडली: फंक्शनने परत दिलेल्या नोडचा एक्स वाचणारी. मग लायब्ररी मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह पुन्हा बिल्ड केली. मोकळी केलेली मेमरी वाचली जात असल्याचे त्याने सांगितले आणि ती मोकळी कुठे झाली, हेही दाखवले; ते ठिकाण मेशच्या डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ती नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये, होते. नोटबुकमध्ये मेशचे नाव वरच्या सेलमध्ये होते आणि कर्नल (नोटबुकमागे चालणारे पायथन) चालू असेपर्यंत ते टिकत होते. फंक्शनमध्ये मात्र ती स्थानिक होती. फंक्शन संपताच तिचा रेफरन्स काउंट (तिला धरून असलेल्यांची संख्या) शून्यावर आला, सीपायथनने, म्हणजे नेहमीच्या पायथनने, ती त्याच क्षणी नष्ट केली आणि बाहेर आलेल्या नोडच्या हाती तिच्या पोटातला एक जुना पत्ता तेवढा राहिला.

चूक माझीच होती. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देणाऱ्या मेथडला कोणतेही धोरण सांगितले नाही, तर पायबाइंड त्या ऑब्जेक्टची मालकी, म्हणजे तो नष्ट करण्याची जबाबदारी, पायथनकडे देते. व्हेक्टरच्या (मेश आपले नोड ज्या सलग यादीत ठेवते तिच्या) आतला नोड पायथनने डिलीट करू पाहिल्यामुळे रॅपर पहिल्याच दिवशी कोसळला होता. तेव्हा मी ‘रेफरन्स’ हे धोरण लिहून तो आवाज बंद केला होता. मालकी पायथनची नाही, इतकेच त्याने ठरते. मालक किती काळ जगला पाहिजे, याविषयी ते काहीच सांगत नाही. त्यासाठी ‘रेफरन्स इंटर्नल’ आहे, जे नोड जिवंत असेपर्यंत मेशला धरून ठेवते. बदल एका शब्दाचा होता. मी तो केला, स्क्रिप्ट चालली आणि मी चहाला गेलो.

संध्याकाळी त्यांची दुसरी स्क्रिप्ट पडली. या वेळी मेश जिवंत होती, पण एक नोड हातात ठेवून तिच्यात नवे नोड भरले जात होते. व्हेक्टरची क्षमता संपली की तो सगळे घटक नव्या जागी हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. मेश आहे म्हणजे नोडचा पत्ताही टिकून आहे, असे मी दुपारभर गृहीत धरले होते. अखेर पत्ता देणेच सोडले आणि मेशचा शेअर्ड पॉइंटर (तिला जिवंत ठेवणारा पॉइंटर) व नोडचा क्रमांक बाळगणारा एक छोटा ऑब्जेक्ट द्यायला सुरुवात केली. प्रत्येक वाचन आता मेशमार्फत होते. आमच्या लायब्ररीत नोड काढून टाकता येत नाहीत, म्हणून क्रमांकावर विसंबता आले. यात वाचन थोडे संथ होते, आणि कोणी एक नोड यादीत विसरला तर आख्खी मेश मेमरीत अडकून राहते, पण ते मला परवडणारे वाटले.

निघताना त्यांनी विचारले, “मग जेव्हा ती पडली नाही, तेव्हाचे आकडे?” मोकळी झालेली जागा सहसा लगेच पुसली जात नाही, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी मूल्ये अनेकदा तशीच वाचली जातात, आणि लिहिले गेल्यावरही वाचन न कोसळता चुकीचा आकडा देऊ शकते. मी पिशवी पुन्हा खाली ठेवली. नोड भरणाऱ्या त्यांच्या साऱ्या जुन्या स्क्रिप्ट आम्ही त्या रात्री नव्या रॅपरवर पुन्हा चालवायला लावल्या.