द्राक्षं आणि जॉर्जीचा हात

रात्री उशिरा.

कादंबरीत मंत्रतंत्र आलं की मी पानं भराभर उलटायचे. खडूची वर्तुळं, उलटी म्हटलेली प्रार्थना, चिन्हं; सगळं सजावटीसारखं वाटायचं. आज मार्लो या जुन्या इंग्रज नाटककाराचं ‘डॉक्टर फॉस्टस’ हे नाटक पुन्हा वाचलं आणि माझं चुकत होतं हे कळलं.

सैतानाकडे आत्मा गहाण टाकून फॉस्टसला चोवीस वर्षं मिळतात. त्यात तो करतो काय? पोपच्या हातातलं ताट पळवतो, एका गरोदर डचेसला ऐन जानेवारीत द्राक्षं आणून देतो. पूर्वी ही दृश्यं मला भरताड वाटायची. आज त्या द्राक्षांपाशी पोटात कालवलं. एवढ्यासाठी? शेवटी घड्याळात अकराचे ठोके पडतात, तासभर उरतो, आणि तो रात्रीच्या घोड्यांना हळू धावा म्हणून विनवतो. ओळ ओव्हिड या प्राचीन रोमन कवीची आहे. तिथे प्रियकराला मिठीतली रात्र संपायला नको असते. तेच शब्द इथे घाबरलेल्या माणसाच्या तोंडी येतात. सैतानापेक्षा मला या ओळीची भीती वाटली.

मग येट्सकडे वळले. हा आयरिश कवी तर गूढविद्येत आयुष्यभर बुडालेला. 1890 मध्येच लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळात गेलेला. पण मला तो नाही, त्याची बायको जॉर्जी दिसत राहते. 1917 च्या ऑक्टोबरात लग्न झालं, तेव्हा तो बावन्न वर्षांचा, ती पंचवीसची. त्याचं मन दुसरीकडेच गुंतलेलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी तिने कागद-पेन्सिल घेऊन स्वयंलेखन सुरू केलं, म्हणजे हात मोकळा सोडून एखादी अदृश्य शक्ती त्यातून लिहील तसं लिहू देणं. पुढे तिनेच सांगितलं की नवऱ्याची उदासी घालवायला एखादं वाक्य आपणच लिहावं असा बेत होता. मग हात आपोआप चालू लागला. किती खरं, किती बेतलेलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ती पेन्सिल मला महत्त्वाची वाटते.

येट्स इतका हरखला की उरलेलं आयुष्य हेच उलगडण्यात घालवायला निघाला. तिच्या हातून लिहिणाऱ्या त्या अदृश्य शक्तींकडून उत्तर आलं, आम्ही तुला कवितेसाठी रूपकं द्यायला आलोय. पुढे त्याच्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेत फिरत फिरत रुंदावणारा भोवरा आला, तो याच लेखनातल्या कल्पनांशी जोडलेला.

या लेखनावरून येट्सने रचलेल्या ‘अ व्हिजन’ या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत मात्र जॉर्जीचा पत्ता नाही. तिलाच ते उघड व्हायला नको होतं, म्हणून येट्सने एका जुन्या हस्तलिखिताची कथा रचली. खरी हकीकत आली ती 1937 च्या आवृत्तीत. त्यात रेल्वेच्या डब्यातला एक प्रसंग आहे. गाडी कॅलिफोर्नियातून चाललेली, जॉर्जीला नुकती झोप लागलेली, आणि ती झोपेतच बोलू लागते. त्यानंतर बहुतेक सगळं असंच, झोपेतून येत गेलं.

ती थकली असेल का, एवढंच मनात येत राहिलं. उद्या तिच्या वह्यांबद्दल आणखी वाचायचं आहे.