नाड्या पुन्हा बांधताना

माथ्यावर पोचलं की बाकीचे फोटो काढतात, मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडते. आणि पुन्हा बांधते. चढताना बांधलेल्या नाड्या उतरायला चालत नाहीत, हे मला माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याने शिकवलं. चढताना घोट्यापाशी नाडी जरा सैल हवी, नाहीतर पाय नीट वाकत नाही. उतरताना मात्र पाऊल बुटात पुढे घसरतं, बोटं टोकावर आपटत राहतात आणि दोन तास अशी टकटक झाली की नख काळंनिळं पडतं. माझं पडलं, मग काही आठवड्यांनी गळलं. पायाच्या अंगठ्याचं नख पुन्हा पूर्ण यायला वर्षभर सहज लागतं, हे ज्ञान मला अशा रीतीने प्राप्त झालं. आता मी सगळ्यात वरच्या भोकातून नाडी त्याच बाजूने परत आत घालते, तिचा छोटा फास ठेवते, समोरच्या फासातून दुसरी नाडी ओढून घेते आणि गच्च आवळते. टाच मागे धरून ठेवली जाते, बोटांपुढे पेरभर जागा राहते.

"झालं का तुझं बांधकाम?" मैत्रीण विचारते. तिला हे सगळं थोतांड वाटतं. तिची नखं शाबूत आहेत, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही.

शहराला टेकून असलेल्या डोंगरांना तसा मान नसतो. सराईत डोंगरभटके त्यांना 'सराव' म्हणतात. सकाळी निघायचं, दुपारच्या जेवणाला घरी. पाठीवर छोटी सॅक, त्यात पाणी, टोपी, आणि दर वेळी नेला जाणारा पण कधीच न उघडला जाणारा रेनकोट. मोबाइलला रेंज माथ्यापर्यंत फुल. मोठ्या पर्वतावर माणूस जातो तेव्हा बॅग भरताना घरचे काळजी करतात. इथे जाताना 'येताना भाजी आण' असं सांगतात.

पण तीनशे मीटर म्हणजे काही कमी उंची नाही. सपाटीवर उभ्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरवर दिसतं. तीनशे मीटर वर गेलं की तेच साठ किलोमीटरच्या पुढे सरकतं, हवा स्वच्छ असेल तर. ती सहसा नसते. आदल्या रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गार, जड हवा खाली साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. पहाटे वरून बघितलं की तो थर अगदी रेघ ओढल्यासारखा दिसतो: वर निळं, खाली तपकिरी, आणि तपकिरीतून उंच इमारतींची डोकी बाहेर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नकळत श्वास रोखून धरला. आपण रोज त्याच्या आत राहतो हे आठवलं आणि सोडून दिला.

चढणीबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही. दम लागतो, पण डोक्याला काम नसतं. आज्ञा एकच असते, वर. किती दमलो हे कळायला मनगटावर यंत्र बांधायची गरज नाही. गप्पा मारता येत असल्या की वेग बरोबर, 'हं' एवढंच येत असलं की जास्त. आम्हा दोघींच्या बाबतीत गप्पा बंद पडणं ही इतकी दुर्मिळ घटना आहे की तेव्हा दोघीही घाबरून थांबतो.

वेळेचं गणित मात्र मी करते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला होता: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक. सव्वाशे वर्षं उलटून गेली, लोक अजून वापरतात. गंमत अशी की त्या हिशेबात उतरणीचं खातंच नाही. जणू माणूस वर पोचला की खाली आपोआप येतो, फळ पडल्यासारखा. ही चूक पुढे एरिक लँगम्युअर या ब्रिटिश गिर्यारोहकाने दुरुस्त केली. त्याच्या मते सौम्य उतार असेल तर दर तीनशे मीटर उतरणीला दहा मिनिटं वजा करा, आणि उतार बारा अंशांहून तीव्र असेल तर दहा मिनिटं मिळवा. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. उतरायला मला चढण्याइतकाच वेळ लागतो हा माझा दोष नसून डोंगराचा आहे, असं कुणीतरी आकड्यांत मांडून ठेवलं होतं.

वेळेपेक्षाही उतरण वेगळी पडते ती वाटांमुळे. हे समजायला मला एक अख्खी दुपार घालवावी लागली.

त्या दिवशी आम्ही नऊच्या सुमाराला माथ्यावर होतो. उतरताना एका जागी वाटेच्या दोन वाटा झाल्या. दोन्ही सारख्याच मळलेल्या. उजवीकडच्या वाटेवरून शहर जवळ दिसत होतं, म्हणून उजवीकडे वळलो. एवढंच कारण. शहर तर आमच्या नाकासमोर होतं: पाण्याची टाकी दिसत होती, उड्डाणपूल दिसत होता, पुलावर अडकलेल्या गाड्या मोजता आल्या असत्या. दिसतंय तिकडे जायचं, यात चुकण्यासारखं काय आहे?

वीसेक मिनिटांनी वाट उतरायची थांबली आणि डोंगराच्या कुशीतून आडवी जाऊ लागली. ढोरवाट होती ती. गुरांना शहरात काही काम नसतं. ती गवताकडे जातात, आणि गवत संपलं की त्यांची वाटही संपते. आधी एकीच्या तीन झाल्या, मग तिन्ही विरून गेल्या. पायाखाली घसारा, म्हणजे मुरमाचे सुटे खडे. पाऊल टाकलं की वीतभर जमीन पावलासकट खाली जायची. मैत्रीण सरळ बसली आणि बसूनच उतरू लागली. तिच्या पँटचं जे व्हायचं ते झालं.

पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. डोंगराचा उतार बाहेरच्या बाजूला फुगीर असला की वरून फक्त त्याची कड दिसते आणि कडेच्या पलीकडे थेट घरांची छपरं. मधलं काहीच नाही. मधे दहा पावलं असतील किंवा मोठा कडा असेल, दोन्ही वरून हुबेहूब सारखं दिसतं. कडेपर्यंत पोटावर जाऊन बघितलं तर तीनचार पुरुष उंचीचा सरळ कातळ. शेजारच्या सोंडेवर, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या डोंगराच्या धारेवर, जावं तर मधे ओढ्याची खोल घळ.

"अगं, वाट इथेच आहे! हे बघ, ऐंशी मीटर," मैत्रीण मोबाइल नाचवत म्हणाली. नकाशावर आमचा निळा ठिपका आणि मळलेली वाट खरोखरच बोटभर अंतरावर होती.

"ऐंशी मीटर आडवी. मधे घळ किती खोल आहे ते सांगतोय का तो?"

तेवढ्यात तिच्या घरून फोन आला. जेवायला येताय ना? तिने कड्याच्या टोकावर बसून, समोर स्वतःच्या इमारतीकडे बघत, "हो, हो, निघालोच" असं सांगितलं. मी आयुष्यात बरेच हतबल क्षण पाहिलेत, पण घर दिसतंय, घरच्यांचा आवाज येतोय आणि घरी जाता येत नाही, हा प्रकार नवा होता. खऱ्या रानात हरवलेल्या माणसाला निदान आपण हरवलो हे ठाऊक असतं. आम्हाला ते मान्य करायला तासभर लागला.

आणि मान्य केल्यावर करायचं काय, तर वर चढायचं. उन्हात, पाणी अर्धी बाटली उरलेलं, ज्या घसाऱ्यावरून बसून घसरलो त्याच घसाऱ्यावरून रांगत. तो निर्णय घ्यायला जितका वेळ गेला तितका प्रत्यक्ष चढायलाही गेला नाही. मन शेवटपर्यंत सांगत होतं, जरा पुढे बघ, इथून कुठूनतरी असेलच. एवढं उतरलोय ते वाया घालवायचं? मला वाटतं वाटा चुकलेल्यांपैकी बहुतेकांचा घात चुकलेलं वळण करत नसेल, हा हिशेब करत असेल.

पाऊण तासाने पुन्हा त्या फाट्यावर आलो आणि तिथे उभं राहिल्यावर मला ते दिसलं. चढताना डोंगर तुमच्या बाजूने असतो. सोंडा खालून कुठूनही सुरू होवोत, वर जाताना एकमेकींना मिळत मिळत शेवटी एका माथ्यावर येतात. चुकीच्या वाटेने चढलात तरी बहुधा पोचता. उतरताना हेच उलटं होतं. एका माथ्यापासून सोंडा फुटत जातात, फाट्यावर दोन पावलांचा फरक, आणि पायथ्याशी दोन वेगळी खोरी. पाण्याचं नेमकं याच्या उलट. ओहोळ उतरताना एकत्र येतात. म्हणून 'वाट चुकलात तर पाण्यामागून उतरा' असा सल्ला कुणीतरी देतोच. त्यात मेख अशी की पाण्याला कड्यावरून उडी मारता येते.

आम्ही सकाळी त्याच फाट्यावरून वर आलो होतो. पण येताना तो फाटा नव्हताच! खालून येणारी आमची वाट आणि ती ढोरवाट तिथे एकत्र झाल्या होत्या. आमची नजर वर, आम्हाला दुसरी वाट दिसलीसुद्धा नाही. फाट्याजवळ एक मोठा धोंडा होता, खालून बसलेल्या म्हशीसारखा दिसणारा. त्यावरून सकाळी आमचे विनोदही झाले होते. वरून तो कशासारखाच दिसत नव्हता. नुसता धोंडा. तेव्हापासून चढताना दर फाट्यावर मी थांबते, मागे वळते आणि जिथून आलो ती वाट उतरणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा बघून घेते. मैत्रिणीने या विधीलाही नाव ठेवलंय, पण वळते तीसुद्धा.

एका दिवसात डोंगर करून परतणाऱ्यांतला एक फार जुना माणूस म्हणजे इटालियन कवी पेट्रार्क. आपण १३३६ सालच्या २६ एप्रिलला फ्रान्समधला माँ व्हाँतू चढलो, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. पायथ्याशी एक म्हातारा मेंढपाळ भेटला, तो म्हणाला, जाऊ नका. मी पन्नास वर्षांपूर्वी गेलो होतो, फाटक्या कपड्यांखेरीज काही मिळालं नाही. (मैत्रिणीची पँट आठवली.) कवीचा भाऊ सरळ धारेने वर गेला, आणि कवी मात्र सोपी वाट शोधत शोधत पुनःपुन्हा खालच्या घळीत उतरत राहिला. माझी त्याच्याशी ओळख तिथेच पटली. उतरताना खाली पोचेपर्यंत आपण अवाक्षर बोललो नाही, असंही तो सांगतो. माथ्यावर वाचलेल्या काही ओळींनी तो अंतर्मुख झाला होता म्हणे. असेल. माझा संशय त्याच्या गुडघ्यांवर आहे.

कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला एक विचित्र काम करावं लागतं. चढताना तो आखडून शरीर वर उचलतो, हे त्याचं नेहमीचं काम. उतरताना त्याला ब्रेक व्हावं लागतं: ताण धरून ठेवायचा आणि त्याच वेळी लांब व्हायचं. घट्ट धरलेला दोर हातातून हळूहळू सोडत जावा तसं. या प्रकारात दम फारसा लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही झालंच नाही. पण आत तंतूंना बारीक इजा होत असते आणि तिची वसुली लगेच होत नाही. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. त्या दुखण्याला लॅक्टिक ॲसिड जबाबदार असतं हा समज अजून चालू आहे. ते तर तासा-दीड तासात निघून जातं. सुदैवाने स्नायूंना स्मरणशक्ती असते. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका छळत नाही. म्हणजे डोंगरावर वरचेवर जाणं हाच त्यावरचा उपाय, असं मी घरी सांगत असते.

आमच्या त्या दिवसाची वसुली तिसऱ्या दिवशी सकाळी झाली. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी आडवी, एकेक पायरी उतरत होते. समोरून खालच्या मजल्यावरचे काका वर येत होते. थांबले.

"काय हो, पडलात का कुठे?"

"नाही, डोंगरावर गेले होते."

"मग! एवढं चढायचं म्हणजे पाय धरणारच." त्यांनी हात पुढे केला. "चला, वर सोडतो तुम्हाला."

"वर जायला काही होत नाही हो काका," मी म्हटलं, "खाली जाता येत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उरलेल्या पायऱ्यांकडे, आणि भिंतीला चिकटून मला वाट करून दिली.