स्वालबार्ड: बोटीवरून हिमनदीचं ३डी मॉडेल करायचं असेल तर

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेचा आर्क्टिकमधला द्वीपसमूह. तिथल्या लाँगइयरब्येन या मुख्य गावाहून उन्हाळ्यात दिवसभराच्या बोटी बिलेफ्योर्ड या खाडीत जातात, १९९८ मध्ये बंद पडलेलं पिरॅमिडेन हे रशियन खाणगाव आणि समोरची नॉर्डेनशोल्डब्रीन हिमनदी असा फेरा असतो. मी ड्रोन नेलाच नाही, साधा कॅमेरा आणि ५० एमएमची फिक्स लेन्स, आणि फोटोग्रामेट्रीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या जागांवरून काढलेले फोटो सॉफ्टवेअरने जुळवून ३डी मॉडेल करायला, तेवढं पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो बोट चालू असतानाच काढा. हिमनदीसमोर बोट थांबली की सगळे रेलिंगला टेकून पॅनोरमा काढतात, पण एकाच जागेवरून फिरून काढलेल्या फोटोंतून खोली कळत नाही, कॅमेऱ्याची जागा बदलायलाच हवी. म्हणून बोट हिमनदीच्या पाण्यालगतच्या बर्फाच्या कड्याला समांतर जायला लागली की दर दोन-तीन सेकंदाला एक फोटो, ८० टक्के ओव्हरलॅप (म्हणजे आधीच्या फोटोतला तेवढा भाग पुढच्यातही यावा), झूमला हात नाही, फोकस मॅन्युअल करून रिंगवर टेप लावा, शटर १/१००० सेकंदाहून वेगवान कारण बोट हलते. एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा, बर्फ पांढराफटक जळला की सॉफ्टवेअरला जुळवायला खुणाच उरत नाहीत. हलकं ढगाळ असेल तर उत्तम.

आणि खडक! नुसत्या बर्फाचे फोटो काढू नका हो. बर्फ सरकतो, कोसळतो, पुढच्या वर्षी तिथे नसतो, दोन वर्षांची मॉडेलं एकमेकांवर बसवायला न हलणारी जमीन लागते, म्हणून दोन्ही बाजूंचे उघडे खडक फ्रेममध्ये घ्याच. नॉर्वेच्या लोकांनी १९३६ आणि १९३८ मध्ये विमानातून स्वालबार्डचे साडेपाच हजारांवर तिरपे फोटो काढले होते, त्यांवरून अलीकडे जुन्या हिमनद्यांची उंची काढता आली. टोपोस्वालबार्ड या फुकट नकाशावर ते जुने फोटो दिसतात, जायच्या आधी आपल्या हिमनदीचे नक्की बघून जा, अंगावर काटा येतो.

घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये पाणी आणि बर्फाचे तरंगते तुकडे मास्क करा, म्हणजे झाकून वगळा, ते प्रत्येक फोटोत हललेले असतात. जीपीएसची उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, तिथे साधारण तीसेक मीटरचा फरक पडतो, तो वजा केला नाही तर कड्याची उंची भलतीच येईल. कॅमेऱ्याचं घड्याळ निघतानाच जीपीएसशी जुळवा, म्हणजे कुठला फोटो कुठून काढला ते नंतर लावता येतं.

ड्रोनवाल्यांनो, विमानतळापासून ५ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. स्वालबार्डमधल्याच नी-ऑलेसुंड या संशोधन-गावात, जिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन स्टेशन आहे (गोव्याची एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था चालवते), तिथे तर रेडिओ शांतता असते, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारी उपकरणं चालवायची नाहीत, वायफाय-ब्लूटूथसुद्धा बंद, त्यामुळे नेहमीचा २.४ गीगाहर्ट्झवाला ड्रोन तसाच चालू करता येत नाही.

बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात. कड्याजवळ न्या म्हणून कॅप्टनच्या मागे लागू नका, बर्फ कोसळला की मोठी लाट येते. आणि व्हिसा शेंगेनचा डबल एंट्रीच काढा, स्वालबार्डला व्हिसा लागत नाही पण ते शेंगेनच्या बाहेर आहे, परत ओस्लोत शिरताना दुसरी एंट्री मोजली जाते.