विहिरीला येणारा पेट्रोलचा वास

कोल्हापूरच्या बाहेर, महामार्गापासून जवळच आमच्या आप्पांची, म्हणजे चुलत्यांची, विहीर आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांचा फोन आला : "पाण्याला पेट्रोलचा वास मारतोय, जरा येऊन बघ." पाणीपुरवठ्याच्या कामात निम्मे आयुष्य घालवल्यामुळे अशा वेळी घरचे लोक मलाच बोलावतात. मी फोनवरच सांगितले की विहिरीवरची मोटर अजिबात चालू करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खोलगट जागी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांत झिरपलेल्या पेट्रोलचे स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली होती.

गळती जवळच्या एका पंपाच्या जमिनीखालील जुन्या लोखंडी टाकीतून होत होती. रोजचा डिप, म्हणजे टाकीत काठी घालून मोजलेला साठा, हिशेबाशी जुळतो, असे पंपचालकांचे सुरुवातीचे म्हणणे होते आणि ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने तापले किंवा निवले तरी त्याच्या आकारमानात दहा-बारा लिटरचा फरक पडतो, त्यामुळे रोज चार-पाच लिटर गळणारे छिद्र या फरकात सहज लपते. गंजाचे असे छिद्र अनेक महिने गळत राहू शकते.

चमत्कारिक गोष्ट अशी की पंपाला लागून असलेली शेजाऱ्यांची विहीर स्वच्छ होती आणि तिच्याहून लांबची आमची बाधित झाली. आपल्याकडे वरची माती आणि मुरूम ओलांडला की खाली काळा पाषाण लागतो. त्यातले पाणी जमिनीचा उतार पाहून वाहत नाही, ते खडकाच्या भेगा पाहून वाहते, आणि पेट्रोलही त्याच वाटेने जाते.

टाकी रिकामी करून खणून काढण्यात आली. पेट्रोल पाण्यापेक्षा सुमारे पाव भागाने हलके असल्यामुळे विहिरीत त्याचा थर वर तरंगत होता. तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या पंपाने खेचून घेतला. मग मुरुमात भोके घेऊन तिथली वाफ ओढून काढली आणि उपसलेले पाणी सक्रिय कोळशातून गाळले. वाफ ओढण्याची ही पद्धत मुरुमात चांगली चालते, पण चिकट काळ्या मातीतून हवाच खेळत नसल्याने तिथे तिचा उपयोग जवळजवळ शून्य असतो आणि माती खणून काढावी लागते. जूनच्या सुरुवातीला पाण्याचा अहवाल चांगला आला आणि काम पूर्ण झाल्याचा कागद आम्हाला मिळाला.

जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडली, विहिरीचे पाणी काही हात वर चढले आणि वास परत आला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. उन्हाळ्यात पाणी खोल जाते तेव्हा त्यावर तरंगणारे पेट्रोलही खाली उतरते आणि उतरताना मुरुमाच्या कणाकणाला आणि खडकाच्या भेगांना चिकटून राहते. पावसाळ्यात पाणी चढले की ते त्या चिकटलेल्या थराला जाऊन भिडते आणि त्यातले बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला कर्करोगाला कारण ठरणारा घटक, पाण्यात उतरू लागते. पाण्याची पातळी वर्षभर फारशी न हलणाऱ्या मुलखात जून महिन्यातील एक नमुना पुरेसा ठरत असेल. विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात आणि श्रावणात काठाशी येतात अशा आपल्या भागात तो फसवा ठरतो. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि नाकाला काही कळण्याच्या कितीतरी आधी ती ओलांडलेली असू शकते.

जाता जाता उसाच्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये आपल्याच कारखान्यांतून जाणारे इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असते. ते पाण्यात पूर्ण मिसळते आणि जमिनीतील जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारतात. त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि बेंझिन खाऊन टाकण्याचे त्यांचे काम मागे पडते. त्यामुळे बेंझिन अधिक दूरपर्यंत पोचू शकते.

जुलैत वास परत आल्यानंतर वाफ ओढण्याचे काम पुन्हा सुरू झाले, आणि पाणी सर्वांत खोल असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, एरवी पाण्याखाली राहणारा पट्टा उघडा पडतो तेव्हा त्यावर विशेष भर दिला. आता दर महिन्याला नमुना जातो. यंदा जूनचा अहवाल पुन्हा स्वच्छ आला, तेव्हा आप्पांनी विचारले, "आता प्यायला हरकत नाही ना?" मी त्यांना सप्टेंबरचा नमुना येईपर्यंत थांबायला सांगितले आहे.