अ‍ॅड केलेली फाइल

टीममध्ये नुकतीच आलेली सहकारी दुपारी माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तिने त्याच आठवड्यात वापरायला घेतलं होतं. कॉन्फिगमध्ये नाव-ईमेल घातलं, फोल्डरमध्ये गिट सुरू करणारं 'गिट इनिट' दिलं, कामाचे टप्पे नोंदवत, म्हणजे कमिट करत राहिली. मग एक कमिट नको वाटला म्हणून सगळं मागच्या कमिटवर नेणारं 'रीसेट हार्ड' दिलं, तेही अंदाजाने बरंच मागचं ठिकाण निवडून. लॉगमधून, म्हणजे कमिटच्या यादीतून, अलीकडचे कमिट गेले, शिवाय नवी लिहिलेली एक फाइलही.

"आता काहीच टाइप करू नकोस," मी म्हटलं.

कमिट मिळणार याची मला खात्री होती. ब्रँच म्हणजे एका कमिटवर लावलेली खूण. रीसेटने खूण मागे सरकते, कमिट जागेवरच राहतात. हेड, म्हणजे आपण सध्या ज्या कमिटवर आहोत ती जागा, कुठून कुठे गेलं ते रिफ्लॉग नावाच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं, आणि सेटिंग बदललं नसेल तर अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवस टिकतात. रीसेटच्या आधीची ओळ शोधून तिथल्या हॅशवर, म्हणजे कमिटच्या ओळख-क्रमांकावर, नवी ब्रँच काढली. काम परत आलं.

फाइल मात्र कमिट झालीच नव्हती. कमिटआधी फाइल गिटकडे सोपवायची एक पायरी असते, ती म्हणजे अ‍ॅड. "अ‍ॅड तरी केली होतीस का?"

"हो, अ‍ॅड केली होती."

माझा जीव भांड्यात पडला. अ‍ॅड करतानाच गिट फाइलमधला मजकूर साठवून ठेवतं. नाव त्या मजकुरासोबत नसतं, ते कमिटच्या वेळी बनणाऱ्या ट्रीमध्ये, म्हणजे फाइलनावांच्या यादीत, जातं. म्हणून गिटचा साठा तपासणाऱ्या 'एफएससीके'ला 'लॉस्ट-फाउंड' जोडून चालवल्यावर नुसत्या ४० अक्षरी हॅशच्या नावाच्या फाइल हाती आल्या. एकेक उघडत गेलो. एकीत तिने लिहिलेलं फंक्शन दिसलं आणि ती खुर्चीतून उठलीच.

एका जुन्या फाइलमधले अ‍ॅड न केलेले बदल मात्र कायमचे गेले. ते तिने पुन्हा लिहिले.

नवशिक्यांना आपण पहिल्याच दिवशी पुश (काम सर्व्हरवर पाठवणं) आणि मर्ज (ब्रँच एकत्र करणं) शिकवतो, रिफ्लॉग कधीच नाही. हे मला मनापासून खटकतं. संध्याकाळी एका रिकाम्या फोल्डरमध्ये मी तिला मुद्दाम सगळं मोडायला लावलं. तिने रीसेट दिलं, कमिट घालवले आणि स्वतःच परत आणले. मग 'गिट क्लीन' देणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. ती कमांड कधीच अ‍ॅड न केलेल्या फाइल डिस्कवरून पुसते, आणि त्यांची प्रत गिटकडे नसते. तिने आधी 'डॅश एन' लावून काय काय पुसलं जाईल त्याची यादी पाहिली.