आमची वाटचाल : पद्मिनीपासून मारुतीपर्यंत

आमचं गॅरेज उभं राहिलं ते प्रीमियर पद्मिनीच्या कामावर. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर, पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचं मागचं सस्पेन्शन. स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) आणि कान एवढ्यावर निम्मी कामं उरकत. मग मारुती ८०० वाढल्या, २००० च्या सुमारास त्यांत एमपीएफआय (संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं आणि हत्यारांच्या पेटीशेजारी स्कॅनर आला. आता पुण्यातल्या गिऱ्हाइकांना जुनी गाडी घेण्याआधी तपासून देणं, हेच आमचं मुख्य काम.

पद्मिनीत आम्ही आधी किंगपिन बघतो, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती. चाक जॅकवर उचलून वरच्या आणि खालच्या कडेला धरायचं आणि हलवायचं. प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग सैल आहे; तरीही हललं तर किंगपिन किंवा तिच्याभोवतीचे बुश (धातूच्या नळ्या) झिजलेत. निपलमधून वेळेवर ग्रीस न भरल्याचा हा परिणाम. नवे बुश ठोकले की आतून नेमक्या मापाला घासणारा रीमर फिरवावाच लागतो, नाहीतर स्टिअरिंग जड होतं. सुट्या भागांसाठी नाना पेठ, नाहीतर बुधवार-रविवारचा जुना बाजार.

उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर पद्मिनी बंद पडली, तर कार्बोरेटर खोलत बसू नका. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच लागून असतो, तापून आत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थांबा. इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, ते मात्र घेतल्याबरोबर बदला.

मारुती ८०० ला इंजिनापेक्षा पत्रा दगा देतो. पुढचं मॅटिंग उचला, बॅटरीखालची जागा बघा. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. धरला नाही तिथे पुट्टी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा) गेलाय, बहुतेक वेळा त्यावरच्या फाटक्या रबरी बूटमुळे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं पाणी असेल तर जपून. इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की गास्केट बदलून भागत नाही.

रोज ऑफिसला जायचं असेल तर आम्ही मारुतीच सुचवतो. पद्मिनी त्यानेच घ्यावी, ज्याच्याकडे छपराची जागा आणि दर महिन्याला गाडीखाली शिरायची तयारी आहे.

कागद दोन्हींचे सारख्याच बारकाईने बघतो. १५ वर्षांनंतर नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवावी लागते, हरित कर वेगळा. चासी नंबर गंजून पुसट झाला असेल तर आरटीओच्या पासिंगला गाडी अडते, म्हणून पेन्सिलने त्याचा ठसा आधी घ्या, बयाणा नंतर द्या.